मागच्या खोलीचं काय करायचं

पांढुर्णा,
९ फेब्रुवारी

प्रिय सुनंदा,

मोठ्यांनी आशीर्वाद लिहावेत आणि लहानांनी नमस्कार, असा संकेत आहे. तू वयाने माझ्याहून लहान आणि पगाराच्या श्रेणीने मोठी, तेव्हा दोन्ही अर्धे अर्धे लिहितो, हवं ते घे.

इकडे सगळं ठीक. गुडघा ठीक, ब्लडप्रेशर आज्ञाधारक. आपल्या मृणालचा भोपाळहून दर रविवारी फोन येतो आणि "बाबा, जेवलात का" हे ती अशा आवाजात विचारते की खोटं बोलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तुझ्या छात्रावासाच्या टेकडीवर फोनला रेंज आली की मुलींच्या आईबापांची रांग लागते, आणि मला त्या रांगेत उभं राहायला आवडत नाही. म्हणून पत्र. तुझ्या वसतिगृहातल्या मुली कशा आहेत? ती बारकी, जी रात्री पायात चपला घालून झोपायची, ती आता काढते का?

बातमी अशी की मी घर घेतो आहे.

चोपन्नाव्या वर्षी माणसं मुलांच्या घरांच्या वास्तुशांतीला जातात, हे मला ठाऊक आहे. पण जन्म भाड्याच्या घरात गेला. घरमालकाच्या नातवाने मध्यंतरी वर ढोलक आणलं, आणि माझ्यातला गृहस्थाश्रम जागा झाला. आता खरा धक्का ऐक. घर सावरगावात आहे. तुझ्या माहेरच्या गल्लीच्या पलीकडची गल्ली, पिठाच्या गिरणीमागे. पुढे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे एक खोली, थोडं अंगण. मागच्या खोलीतून जाम नदीचं पात्र दिसतं. सध्या त्या पात्रात पाण्यापेक्षा म्हशी जास्त आहेत.

स्टाफरूममध्ये शोककळा पसरली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत नदीच्या या काठावरून त्या काठावरच्या सावरगावकरांना गोटे मारायचे, हे ज्यांचं वार्षिक कर्तव्य, त्यांच्यातला एक जण शत्रूकडे राहायला निघाला. गणिताचे कोल्हे सर म्हणाले, "गुरुजी, इतकी वर्षं इकडून गोटे मारले, आता तिकडून मारान का?"

मी म्हटलं, "मी आयुष्यात एकही दगड उचललेला नाही."

"म्हणूनच तुमाले तिकडची पोरगी भेटली," ते म्हणाले. "चांगला नेम असणाऱ्यायले कोन देते?"

असो. कागद वकिलाने पाहिले. कागद भक्कम आहेत. भिंतीही कागदाच्याच असत्या तर मी उद्याच सही केली असती. पण घर पाहण्याची माझी पात्रता तुला माहीत आहे: दार उघडतं का पाहतो, वर पाहतो, "वा, हवेशीर आहे" म्हणतो. म्हणून ठरवलं की एखाद्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावं. इथून पुढे माझी वणवण सुरू झाली.

दलाल दिलीपभाऊ म्हणाले, "सर, कायले पैसे वाया घालून राहिले? माहा साळा इंजिनिअर आहे. तो फुकटात पाहून देते."

"घर विकलं गेलं तर तुम्हाला दलाली मिळते ना?"

"हाव."

"आणि साळ्याला?"

"तो घरचाच आहे न बावा!"

"तेच म्हणतो मी."

मग बँकेचा माणूस आला. त्याने मोटरसायकल बंद न करता फाटकातून दोन फोटो घेतले आणि "झालं" म्हणाला. मी विचारलं, भिंती? तर म्हणाला, मी फक्त किंमत पाहायला येतो. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो बँकेसाठी येतो: मी कर्ज बुडवलं तर घर कितीला विकता येईल, एवढीच त्याला काळजी. मी आत झोपलेला असताना छत पडेल का, हा त्याचा विषय नव्हे. त्यातून बँकेला उलट जागा मोकळीच मिळेल.

मग मी पांढुर्ण्यातला एक इंजिनिअर गाठला. त्याने घर पुलावरूनच पाहिलं. "सावरगावात ना, सर? मंग तपासाचं काय त्यात, पडनच ते." दुसरा सावरगावचा गाठला. त्याने घरात पाऊल टाकायच्या आधीच सांगितलं, हत्ती बांधा, काही होणार नाही, आणि बरं झालं जावई घरी आले. आमच्या संस्कृतात तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. आपल्या गावाला काठ दोनच, आणि दोन्हींवर माणसं हातात दगड घेऊन उभी. इथे निःपक्षपाती माणूस मिळायचा तो तिसऱ्या गावातच.

तो सौसरला मिळाला. अर्चना बागडे. मी सौसरच्या शाळेत असताना नववीला होती. आता नागपूरहून इंजिनिअर होऊन आली आहे, स्वतःचं ऑफिस आहे, बांधलेल्या इमारती तपासण्याचंच काम करते. त्या वर्षी संस्कृतात मी तिला नापास केलं होतं. तिने फोनवर पहिलं वाक्य तेच ऐकवलं. मग म्हणाली, "सर, ओळख आहे म्हणून सूट नाही, आणि नववीचं आहे म्हणून दंड पण नाही. माझी फी आधी, अहवाल नंतर. तुम्ही घर घेतलं काय अन् नाही घेतलं काय, मले फरक नाही पडत."

ज्या व्यक्तीला माझ्या घर घेण्याने फरक पडत नाही, तिच्याच शोधात मी होतो. रविवारी येते आहे.

तू विचारशील, एकट्या माणसाला एवढं घर कशाला. विचार. मी उत्तर तयार ठेवलेलं नाही, पण तू विचारलंस तर शोधीन.

थंडी उतरली आहे, तरी तुझी शाल पाठवतो. माझ्याकडे पडून पडून तिला आपण कोणाची हे विसरायला झालं आहे.

तुझा,
रघुनाथ


पांढुर्णा,
२ मार्च

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजूनही माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे नोंदवून पुढे जातो.

तू लिहिलंस, घर घेताय हे छान झालं. पाणी किती वेळ येतं ते पाहा, नाली कुठे जाते पाहा, नदीकडे डास फार, जाळ्या लावून घ्या. सगळे सल्ले उत्तम. दोनदा वाचले. स्वयंपाकघराचं तोंड कुठे आहे, ते मात्र विचारलं नाहीस. घर सावरगावात आहे यावरही एक अक्षर नाही. शेजारच्या शिक्षकाने घर घेतलं तर त्यालाही तू इतक्याच आपुलकीने डासांबद्दल सांगितलं असतंस, तुझा स्वभावच तसा आहे. मी तक्रार करत नाही. डासांच्या जाळ्या लावणार आहे.

अर्चना आली त्याचं सांगतो.

स्कूटरवरून सौसरहून आली, ऊन वर यायच्या आत. दिलीपभाऊ चाव्यांचा जुडगा घेऊन दारात हजर. तिने चाव्या घेतल्या आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही चहा पिऊन या."

"मी पिऊन आलो."

"मग दुसरा प्या. मालकाकडचं माणूस आत असलं की मी काम करत नाही."

ते गेले. मला वाटलं, आता माझी मानाची जागा. तर मला म्हणाली, "सर, तुम्ही पण बोलायचं नाही. वर्गात आम्ही बसायचो ना, तसं."

मग दोन तास मी आपल्याच होऊ घातलेल्या घरात मागच्या बाकावरच्या मुलासारखा बसून होतो. तिने छोट्या हातोडीने भिंती ठोकल्या, कुठे पोकळ आवाज येतो ते ऐकलं. ओळंबा सोडला. ओल मोजायचं एक यंत्र भिंतीला टेकवून पाहिलं. छताला शिडी लावली. शेजारच्या शांताबाईंना विचारलं, पावसात पाणी कुठे साचतं. शांताबाईंनी हे सांगता सांगता त्यांच्या सुनेचं माहेर, तिथलं पाणी आणि सुनेचा स्वभाव हेही सांगितलं. अर्चना शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, नापास करायला नको होतं हिला. चिकाटी होती.

मागच्या खोलीत ती बराच वेळ होती. मग मला हाक मारली.

"सर, ही खोली तुम्हाले का आवडली?"

"नदी दिसते."

"ही भिंत पाहा. साऱ्या घराचा रंग जुना आहे. या एकाच भिंतीचा नवीन. का बरं?"

तिने खिळ्याने थोडा रंग खरवडला. आत पुट्टी, पुट्टीच्या आत चीर, तिरपी, माझं बोट जाईल एवढी. पुढचं घर मुरमावर आहे, भक्कम आहे. ही खोली मागाहून जोडलेली, काळ्या मातीच्या भरावावर. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरची खोली तिच्याबरोबर डोलते. स्लॅबच्या सळ्या गंजलेल्या. हत्ती सोड, तिथे मांजरही बांधू नये.

मग तिने विचारलं, "सर, घरात किती जणं राहणार?"

मी म्हटलं, घर म्हटल्यावर पाहुणेरावळे असतात, मृणाल येते, माणसाने थोडी मोकळी जागा ठेवावी, गृहस्थाचं लक्षणच ते.

"सर, मी विचारून राहिली आकडा, आणि तुम्ही व्याख्यान देऊन राहिले."

"एक," मी म्हटलं. मग म्हटलं, "दोन. पाहू."

"पाहू म्हणजे सळी किती जाडीची टाकू?" ती हसली, पण मी हसलो नाही म्हणून थांबली. मग हळूच म्हणाली, "मॅडम अजून तिकडे अलीराजपूरच्या छात्रावासातच आहेत?"

"आहेत."

"पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा म्हटलं, आता तरी बदली होईल त्यांची. इथे कन्या छात्रावासात अधीक्षिकेची जागा रिकामीच आहे, आमची वहिनी तिथे स्वयंपाकाले आहे, ती सांगत होती."

"हो. ऐकलं मी."

अंगणात येऊन तिने मला नीट समजावून सांगितलं. एकट्यासाठी असेल तर घर घ्या, पुढचं चांगलं आहे. भाव पाडून घ्या आणि मागची खोली पाडून अंगण मोठं करा. दोघांसाठी असेल तरी घ्या, पण खोली पाडून पायापासून नवीन बांधावी लागेल, आणि पाऊस लागायच्या आत.

मी विचारलं, "आणि आत्ता काहीच केलं नाही तर? कुलूप लावून ठेवली, पुढे पाहू म्हणून?"

ही आयुष्यभराची माझी आवडती पद्धत आहे, हे तुला सांगायला नको.

अर्चना म्हणाली, "ते नाही चालणार, सर. ही खोली पुढच्या भिंतीले ओढून राहिली. कुलूप लावल्यानं थांबते का ती? दोन-तीन पावसाळे जातील, मग चांगलं घर पण चिरेल."

दिलीपभाऊ परत आले तेव्हा त्यांना फक्त एवढंच कळलं की भाव उतरणार. त्यांचा चहा कडू झाला.

सुनंदा, हे सगळं मी तुला इतक्या तपशिलाने का सांगतो आहे, हे मला अर्धं कळतं. उरलेलं अर्धं पुढच्या पत्रात लिहायचा प्रयत्न करीन. आज हात थकला.

तुझ्या मुलींची परीक्षा जवळ आली असेल. त्यांना म्हणावं, संस्कृतात नापास झाल्याने काही बिघडत नाही.

तुझा,
रघुनाथ


पांढुर्णा,
१९ मार्च

प्रिय सुनंदा,

आज क्षेमकुशल नंतर.

घराचा इसार झाला. भाव उतरला. मालकाच्या संमतीने मागची खोली पाडायला माणसं परवा लागतील. ते करावंच लागणार होतं, त्यात माझं काही शौर्य नाही. पाडव्यानंतर गवंडी रिकामा आहे. काल अर्चनाने फोन केला, "सर, पाडून झाल्यावर पाया खोदायचा का माती सपाट करायची, ते सांगून ठेवा. गवंडी मग आंब्याच्या दिवसांत लग्नाले जाते, सापडत नाही." मी म्हटलं, विचारून सांगतो. ती म्हणाली, "कोणाले?" मग तीच म्हणाली, "ठीक आहे."

म्हणून विचारतो आहे. पण त्याआधी एक गोष्ट, जी मी दोन्ही पत्रांत लिहायला घेतली आणि डासांवर आणि ढोलकावर नेऊन सोडली.

दिवाळीत मृणालने मला सांगितलं. तू तिला म्हणालीस की इथली जागा निघाली तरी अर्ज करणार नाही, निवृत्तीपर्यंत तिथेच राहीन, बाबांना मी योग्य वेळी सांगेन. पोरीवर रागावू नकोस. तिला वाटलं, मला ठाऊक असेल. मी तिला म्हटलं, हो, ठाऊक आहे. मग चिवडा संपेपर्यंत आम्ही दुसरं काहीतरी बोलत होतो.

त्यानंतर आठवडाभरात मी दिलीपभाऊंना फोन केला, सावरगावात घर पाहा म्हणून.

आता तुझ्या लक्षात येईल, मी किती हुशार माणूस आहे. तू येणार नाहीस हे कळल्यावर मी तुझ्या माहेराजवळ घर शोधायला निघालो, त्यात नदी दिसणारी खोली शोधली, आणि ती नेमकी डोलणारी निघाली. अर्चना नसती तर "वा, हवेशीर आहे" म्हणून घेऊन टाकली असती. मग खोलीला कुलूप लावून, ती तुझी आहे असं समजत राहिलो असतो. तू सुट्टीत येशील, बघशील, काही बोलणार नाहीस, मीही नाही. दोन-तीन पावसाळे तरी सुखात गेले असते.

मी सुरुवातीला एकदा तिकडे आलो होतो ते आठवतं? जेवणाच्या घंटेला मुली धावत आल्या, आणि तू भिलीत स्वयंपाकणीशी भांडत होतीस, हातात डाव. मला एक अक्षर कळलं नाही, पण सगळ्याजणी हसत होत्या आणि तूही. मी व्हरांड्यात बसून पाहत होतो. इतकी मोकळी हसताना मी तुला पांढुर्ण्यात पाहिल्याचं मला आठवेना. परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की हिला कधी 'ये' म्हणायचं नाही. ज्याला स्वतःला इथलं काही सोडवत नाही त्याने, जिला तिथे एवढं काही मिळालं आहे तिला, हाक मारू नये. तुलाही ते बरं वाटलं असणार. तुझ्या पत्रांत मला कधी 'या' दिसलं नाही. दोघांनीही एकमेकांना इतकं मोकळं ठेवलं की मधे बारा वर्षं सहज मावली.

मला ते चूक वाटत नाही. तू तिथे गेलीस ते बरोबर होतं. ती चपला घालून झोपणारी पोर कोणाच्या भरवशावर चपला काढणार? हे सगळं मी शाळेत जाताना, येताना, स्वतःला नीट समजावतो, आणि ते मला पटतंही. मग घरी येतो, कुलूप उघडतो, आणि कोणी विचारत नाही की आज उशीर का. उशीर झालेला नसतो. तरी.

संध्याकाळी कधी कधी पूल ओलांडून त्या गल्लीत जातो. शांताबाई ओसरीवरून विचारतात, "गुरुजी, बाई कदी येऊन राहिल्या?" त्यांना वाटतं, मी तुझ्यासाठीच घर घेतलं आहे, आणि तुला ते ठाऊक आहे. मी म्हणतो, सुट्ट्या लागल्या की. त्या म्हणतात, "नाई, राहाले."

राहायला ये, सुनंदा.

हे लिहायला मला तीन पत्रं लागली. आता लिहिलं आहे तर खोडणार नाही.

या वर्षी नाही जमलं, पुढच्या वर्षी ये. पण येणार असशील तर तसं सांग. येणार नसशील तर तेही सांग, अगदी सरळ. मी माती सपाट करून घेईन, त्यात पारिजातक लावीन आणि तुझ्याकडे वर्षातून दोनदाऐवजी चारदा येईन. तुमच्या व्हरांड्यात एक खुर्ची रिकामी असते, मी पाहिली आहे. रागावणार नाही. तू सोडून आलीस आणि तिथल्या मुलींची आठवण काढत इथे नदीकडे बघत बसलीस, तर ते मला बघवणार नाही, हेही विचारात घे. मी काही तटस्थ माणूस नाही, हे लक्षात ठेवून माझं ऐक. या प्रकरणात माझा हितसंबंध आहे, आणि तो थोडाथोडका नाही.

एक व्यावहारिक प्रश्न राहिला. पाया खोदायचा ठरला, तर अर्चनाला भिंतीत खिडकीची जागा आधी सांगावी लागेल. जागा एकाच खिडकीला आहे: नदीकडे ठेवता येते. नाहीतर पूर्वेला, म्हणजे पहाटेचं ऊन उशाशी येईल. मला नदी आवडते, पण तू उजाडायच्या आत उठणारी. इतक्या वर्षांत तुला काय आवडतं याचा अंदाज करायचं मी सोडून दिलं आहे. यावेळी अंदाजाने काही बांधायचं नाही.

कुठली ठेवू, ते कळव.

तुझा, आणि तुझं उत्तर येईपर्यंत कोणालाही 'ठीक आहे' न म्हणणारा,
रघुनाथ